मुखत्यारपत्रावर काम कोणतं लिहिलंय? : प्रवेशाधिकाराच्या अभ्यासाला प्रस्तावना

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांचं बाजाराला जाणं थांबलं, त्या वर्षी त्यांनी आमच्या एका नातेवाइकाच्या नावे खास मुखत्यारपत्र करून दिलं. त्यात कामं दोनच लिहिली होती: सेनगावच्या बाजारात सोयाबीन विकायचं आणि आलेली रक्कम आजोबांच्या खात्यावर भरायची. आडतीवरचे दिवाणजी मोठे काटेकोर. प्रत्येक खेपेला ते कागद मागायचे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मगच पट्टी लिहायला घ्यायचे. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी नव्याने काढलेल्या सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कर्जाचा बोजा दिसला. तोच कागद एका पतसंस्थेच्या खिडकीवर गेला होता. तिथल्या माणसाने मुद्रांक पाहिला, सही ताडून पाहिली, कागद आणणाऱ्याचा फोटो जुळवला. सगळं खरं होतं. त्या कागदाने कोणतं काम करता येतं, एवढं मात्र त्याने वाचलं नाही. तो बोजा उतरवायला आम्हाला तीन वर्षं लागली.

पुढे मी संगणक शिकलो आणि शिकवू लागलो. एका रात्री गिटहबच्या सुरक्षा-सूचना वाचत बसलो होतो आणि पाच-सहा ओळींच्या एका नोंदीपाशी थांबलो. संगणक-त्रुटींना जो सामायिक क्रमांक देतात, तो तिला होता: सीव्हीई-२०२२-४६२५८. ती वाचताना मला आजोबांचा कागद आठवला, आणि या विषयाची ओळख मराठीतून करून द्यायची ठरली तर ती इथूनच करून द्यावी असं तेव्हाच मनाशी ठरलं. पुढच्या पानांमध्ये जे शास्त्र येणार आहे त्याचं नाव प्रवेशाधिकार-नियंत्रण. नाव जड आहे, प्रश्न जड नाही. कुणी, कशावर, कोणतं काम करायचं, आणि ते विचारायचं कुणी?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. प्रोग्राम लिहिणारे लोक आपल्या कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवतात. त्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट हे साधन लिहिलं. गिटमधला कोड एका ठिकाणी ठेवून दहा-वीस किंवा दहा हजार जणांनी त्यावर मिळून काम करायचं, तर सामायिक जागा हवी. गिटहब २००८ मध्ये सुरू झालं, गिटलॅब २०११ मध्ये. आज बँकांचा, दवाखान्यांचा, सरकारी योजनांचा कोड अशाच ठिकाणी राहतो. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी पेटी असते, तिला रिपॉझिटरी म्हणतात, बोलताना नुसतं रेपो. माणूस ती पेटी ब्राउझरमधून उघडतो. प्रोग्राम ती उघडतात एपीआयमधून. एपीआय म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेली अर्जाची खिडकी: ठरलेल्या नमुन्यात अर्ज टाका, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्या. त्या खिडकीवर पासवर्ड देत बसत नाहीत, टोकन देतात. टोकन म्हणजे मालकाने प्रोग्रामच्या नावे लिहून दिलेलं मुखत्यारपत्र. आणि त्यावर कामं लिहिलेली असतात, त्यांना स्कोप म्हणतात.

आता ती नोंद. गिटहबची एक आवृत्ती मोठ्या संस्था आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवून घेतात, तिचं नाव एंटरप्राइझ सर्व्हर. तिथे रिपॉझिटरीतल्या फायली वाचायचा-लिहायचा स्कोप एक, आणि वर्कफ्लोच्या फायली बदलायचा स्कोप दुसरा. हा भेद उगाच केलेला नाही. रिपॉझिटरीत ‘वर्कफ्लोज’ नावाचा एक कप्पा असतो. त्यातल्या फायली दिसायला इतरांसारख्याच, साध्या मजकुराच्या. पण बाकीच्या फायली म्हणजे माल, आणि या फायली म्हणजे हुकूम. कुणी नवा कोड टाकला की कोणत्या चाचण्या घ्यायच्या, तयार झालेला प्रोग्राम कोणत्या सर्व्हरवर चढवायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. तो हुकूम बजावणाऱ्या यंत्रणेच्या हाती त्या वेळी सर्व्हरच्या किल्ल्या आणि गुप्त पासवर्ड येऊ शकतात. म्हणजे ज्याला वर्कफ्लोची फाईल बदलता आली, त्याला या किल्ल्या आपल्याकडे मागवून घेता आल्या. सोयाबीन विकायचा अधिकार आणि जमीन गहाण टाकायचा अधिकार यांत जितकं अंतर, तितकंच या दोन स्कोपमध्ये.

नेहमीच्या वाटेने, म्हणजे गिटमधून पुश करून, नुसत्या रेपोच्या टोकनावर वर्कफ्लोची फाईल बदलायला गेलात तर गिटहब सरळ नाकारतं. या टोकनला वर्कफ्लोचा स्कोप नाही, असं स्पष्ट सांगतं. माझ्या विद्यार्थ्यांनी ते उत्तर स्वतःच्या पडद्यावर पाहिलेलं आहे. ती आडतीवरची खिडकी म्हणा. पण एपीआयमध्ये फाईल तयार करायची किंवा बदलायची दुसरी सोय आहे. रेपोचं नाव, फाईलचा पत्ता आणि नवा मजकूर एकाच अर्जात पाठवायचा, बाकीचं काम सर्व्हर करतो. या खिडकीवरही वर्कफ्लोचा स्कोप तपासला जायला हवा होता. तो तपासला गेला नाही. ३.७ च्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये ही त्रुटी होती. त्रुटी शोधणाऱ्यांसाठीच्या गिटहबच्या बक्षीस-योजनेतून ती कळवली गेली आणि ३.३.१६, ३.४.११, ३.५.८, ३.६.४ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाली.

इथे कुणी कुलूप फोडलेलं नाही, पासवर्ड चोरलेला नाही, सांकेतिक लिपी उकललेली नाही. टोकन खरं, खातं खरं, अर्जाचा नमुना बिनचूक. एकाच कामाला दोन वाटा होत्या, एकीवर प्रश्न विचारला गेला आणि दुसरीवर राहून गेला. वर्तमानपत्रात ‘हॅकर’ हा शब्द वाचून मनात जे चित्र उभं राहतं त्यात आणि या शास्त्रातल्या खऱ्या चुकांत फार अंतर असतं, आणि नव्या विद्यार्थ्याने ते पहिल्याच दिवशी समजून घ्यावं असं मला वाटतं.

या चुकीवरचा उपाय शास्त्राला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. १९७५ मध्ये जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात त्यांनी रचनेची आठ तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं की प्रत्येक वस्तूपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर, प्रत्येक वेळी, अधिकार तपासला गेला पाहिजे. काल तपासला होता म्हणून आज नको, दारात तपासला म्हणून आत नको, हे चालणार नाही. मी याला ‘संपूर्ण तपासणी’ म्हणतो. दुसरं तत्त्व असं की नियम लिहायचा राहून गेला तर उत्तर ‘नाही’ असावं. ही दोन तत्त्वं तोंडपाठ असलेले हुशार लोकही चुकतात, कारण वाटा वाढत जातात. आधी ब्राउझर होता, मग एपीआय आली, मग त्याच एपीआयचं ग्राफक्यूएल नावाचं दुसरं रूप आलं, मोबाइल आला, आयातीची सोय आली. जो नवी खिडकी बांधतो त्याला जुन्या खिडकीवरचे सगळे नियम माहीत असतातच असं नाही. वेब-सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था धोक्यांची क्रमवार यादी काढते. तिच्या २०२१ च्या यादीत मोडका प्रवेशाधिकार पाचव्या जागेवरून पहिल्या जागेवर आला. एपीआयसाठीच्या स्वतंत्र यादीतही, २०१९ ची असो की २०२३ ची, ‘या वस्तूवर याचा अधिकार आहे का’ हे न विचारण्याची चूक पहिल्या क्रमांकावर आहे.

कोड ठेवणाऱ्या जागांच्या इतिहासात अशा चुका ठिकठिकाणी दिसतात, दोन-तीन सांगून पुढे जातो. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव या रशियन तरुणाने गिटहबवरच्या सार्वजनिक किल्लीच्या फॉर्ममध्ये एक जादा रकाना भरून पाठवला. ‘ही किल्ली कुणाची’ हे ठरवणारा तो रकाना होता, आणि सर्व्हरने तो निमूट मान्य केला. रेल्स या प्रसिद्ध प्रकल्पावर त्याला लिहिण्याचा अधिकार मिळाला. त्याने आधी ही चूक बोलून दाखवली होती, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये गिटलॅबने सीव्हीई-२०२१-४१९१ दुरुस्त केली: खातं नसलेल्या माणसालाही ग्राफक्यूएलच्या खिडकीवरून वापरकर्त्यांची नावं मिळत होती. आणि गिटलॅबचीच जानेवारी २०२४ ची सीव्हीई-२०२३-७०२८, जिला दहापैकी दहा तीव्रता दिली गेली. पासवर्ड बदलायच्या अर्जात एकाऐवजी दोन ईमेल-पत्ते लिहिले, तर पासवर्ड बदलायचा दुवा दोन्ही पत्त्यांवर जायचा. दुसरा पत्ता त्या खातेदाराचाच आहे का, हे कुणी पाहत नव्हतं.

या विषयाला मराठी वाचक परका नाही, उलट चांगला सरावलेला आहे, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचं माझं खरं कारण तेच आहे. सातबारा हातात घ्या. त्यातल्या गाव नमुना सातचं पूर्ण नाव आहे ‘अधिकार अभिलेख पत्रक’. कोणत्या गटावर कुणाचा कोणता हक्क, हे सांगणारा तो तक्ता. नमुना बारा पिकांची नोंदवही. आता १९७१ मध्ये बटलर लॅम्पसन यांनी संगणकासाठी काय सुचवलं ते पाहा. एका बाजूला माणसं किंवा प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला वस्तू, आणि जिथे ओळ आणि रकाना भेटतात तिथे हक्क लिहायचे: वाचणं, लिहिणं, चालवणं. साऱ्या क्षेत्राचा पाया असलेला हा तक्ता मी फळ्यावर काढतो तेव्हा शेतकऱ्यांच्या घरची मुलं तो लगेच ओळखतात.

साम्य इथेच संपत नाही. जमिनीत बदल झाला, खरेदी झाली, वारस लागले, की तलाठी नमुना सहामध्ये फेरफार लिहितो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातवर नाव लागतं. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. गिटवर काम करणाऱ्यांनी हे वाचून स्वतःचं रोजचं काम आठवावं. गिटमधल्या बदलांची नोंदवही म्हणजे नमुना सहा, आणि या घटकेला कोड जसा आहे तसा म्हणजे नमुना सात. पुल रिक्वेस्ट म्हणजे प्रमाणित व्हायचा फेरफार, तिच्यावर सहकाऱ्यांनी घेतलेल्या शंका म्हणजे हरकती, आणि मुख्य शाखेला घातलेलं संरक्षण म्हणजे मंडळ अधिकाऱ्याच्या सहीशिवाय नाव लागणार नाही हा नियम. महसूल खात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना मी पुल रिक्वेस्ट समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: “लिहिणाराच प्रमाणित करू शकतो का?” या विषयातला इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही मुलाखतीत ऐकायला मिळालेला नाही.

भाषेनेही आपल्याला एक मोठी सोय करून दिली आहे. माणूस कोण हे ठरवणं आणि त्याला काय करता येईल हे ठरवणं या दोन क्रियांची इंग्रजी नावं इतकी सारखी आहेत की दोन्हींचं लघुरूप ‘ऑथ’ असंच होतं. या गोंधळाने प्रमाणित नियमांतही जागा मिळवली आहे. वेबवर ४०१ या क्रमांकाच्या उत्तराचं अधिकृत नाव ‘अनऑथराइज्ड’, म्हणजे अधिकार नसलेला. त्याचा खरा अर्थ मात्र ‘तुमची ओळख पटलेली नाही’ असा आहे. अधिकार नसल्याचं उत्तर वेगळं, ते ४०३. मराठीत ‘ओळख’ आणि ‘अधिकार’ हे शब्द कानालाही वेगळे लागतात. पतसंस्थेच्या खिडकीवर ओळख पटली होती, अधिकार तपासला गेला नव्हता. हे वाक्य मराठीत आपोआप नीट उतरतं. पुढच्या पाठांत मी हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत, आणि तुम्हीही कोड लिहिताना फंक्शनांची नावं मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावीत असं सुचवतो. ‘ओळख तपासून झाली, अधिकारतपास कुठे आहे?’ एवढ्या एका प्रश्नाने माझ्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्याच कोडमधल्या कितीतरी चुका पकडल्या आहेत.

इतकं आश्वासन दिल्यावर विषयाची खोलीही सांगायला हवी, नाहीतर तो सोपा आहे असा समज होईल. १९७६ मध्ये मायकेल हॅरिसन, वॉल्टर रुझो आणि जेफ्री उल्मन यांनी एक प्रमेय सिद्ध केलं. हक्क देण्या-घेण्याचे नियम पुरेसे मोकळे असतील, तर एखादा हक्क पुढेमागे भलत्याच्या हाती जाईल का, हे प्रत्येक बाबतीत सांगणारी एकच सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होतो. पण त्यातूनच पुढचं शास्त्र उभं राहिलं: नियम आवरते घ्या, म्हणजे उत्तर काढता येईल. १९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी ‘गोंधळलेल्या मुखत्याराची’ गोष्ट लिहिली. एका कंपनीच्या संगणकावरच्या कंपायलरला स्वतःच्या कप्प्यात हिशेब लिहायचा अधिकार होता. वापरणाऱ्याने आपल्या निकालाची फाईल म्हणून त्याच कप्प्यातल्या बिलांच्या फाईलचं नाव दिलं, आणि कंपायलरने स्वतःच्या अधिकारात ती बिलं पुसून टाकली. तो कुणासाठी काम करतो आणि कुणाच्या अधिकाराने करतो, या दोन गोष्टींची गल्लत झाली होती. एपीआयच्या मागे उभे असलेले सर्व्हर आजही अशीच गल्लत करतात. भूमिकांवर आधारलेल्या अधिकारांची जी पद्धत आता घरोघरच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते, तिची प्रमाण मांडणी १९९६ मध्ये रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. संधू मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी, हे आपल्या मुलांना सांगायला मला बरं वाटतं.

आपल्या जिल्ह्याशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी जगातल्या संगणक-त्रुटींना सामायिक क्रमांक द्यायची सीव्हीईची पद्धत सुरू झाली. हा योगायोग झाला. खरा संबंध औंढा नागनाथ तालुक्यात आहे. तिथे दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत अणूच्या गर्भापेक्षाही कितीतरी लहान फरक पडला तर तो टिपायचा. असा फरक कागदावर उमटत नाही, तो आकड्यांच्या प्रचंड गोंगाटातून प्रोग्रामने शोधून काढायचा असतो. साच्यांशी ताडून पाहत संकेत शोधण्याच्या या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर अग्रभागी होते. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये त्यावर महत्त्वाचं काम केलं. आज लायगोचे वैज्ञानिक जो कोड वापरतात, त्यातला एलएएलसूट नावाचा मोठा संच त्यांच्या स्वतःच्या गिटलॅब सर्व्हरवर आहे. तो उघडा आहे. सेनगावचा मुलगाही तो आज रात्री वाचू शकतो.

वाचू शकतो, बदलू शकत नाही. इथे या शास्त्राचं एक अंग दिसतं, ज्याकडे नवशिक्यांचं सहसा लक्ष जात नाही. प्रवेशाधिकार म्हणजे लपवाछपवी असा एक समज आहे. सातबारा कुणीही पाहू शकतो, पण त्यावरचं नाव कुणीही बदलू शकत नाही. विज्ञानातला कोडही तसाच: वाचायचा हक्क जगाला, लिहायचा मोजक्यांना. नोंद शाबूत राहिली तरच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली असं कुणी म्हटलं, तर ते ज्या प्रोग्रामने शोधलं त्यात कुणी हात घातलेला नाही याची खात्री हवी. म्हणून वर्कफ्लोच्या फायलीवर आणि मुख्य शाखेवर इतका पहारा. दुधाळ्याच्या वेधशाळेत उद्या जी मुलं काम करतील, त्यांतली काही आपल्या जिल्ह्यातली असावीत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यांतल्या एखाद्याकडे या पहाऱ्याचं काम यावं असंही.

आता शिकायचं कसं, ते सांगतो. आपल्याकडे फार सामान लागत नाही. जुना लॅपटॉप असला तरी त्यावर गिटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं. ते बसवा आणि दोन खाती काढा. माझ्या वर्गात एकाचं नाव असतं ‘मालक’ आणि दुसऱ्याचं ‘बटईदार’. मालकाच्या खात्यात एक खाजगी रेपो करा, त्यात एक फाईल टाका. मग बटईदाराचं टोकन घेऊन एपीआयच्या खिडकीवर मालकाची फाईल मागा. उत्तर येईल ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. फाईल तर तिथे आहे, मग असं का? गिटहबची एपीआयही परक्याला हेच उत्तर देते. ‘परवानगी नाही’ म्हटलं तर त्या नावाचा खाजगी रेपो अस्तित्वात आहे हे परक्याला कळेल, म्हणून तेवढंही सांगायचं नाही. हे उत्तर पाहून एका मुलीने लगेच विचारलं, “पण सर, उत्तर यायला वेळ सारखाच लागतो का?” म्हणजे असलेल्या आणि नसलेल्या रेपोसाठी. हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता. त्यावर संशोधकांनी पुष्कळ लिहिलेलं आहे, तिला ते पुढच्या वर्षी वाचायला मिळेल.

मग एकेक वाट घ्या: ब्राउझर, पुश, एपीआय. बटईदाराला फक्त वाचायचा अधिकार द्या आणि तिन्ही वाटांनी लिहून पाहा. नंतर अधिकार काढून घ्या आणि आधीच काढलेलं टोकन अजून चालतं का ते पाहा. वहीत तक्ता आखा, प्रत्येक चौकोनात अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर लिहा. कंटाळवाणं काम आहे. सेनगावच्या तहसील कचेरीत बसून नोंदी ताडणाऱ्या कारकुनाला जी चिकाटी लागते तीच इथे लागते, आणि या क्षेत्रातले नामांकित शोध अशाच चिकाटीतून लागलेले आहेत.

एक गोष्ट मी निक्षून सांगतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर, त्याने परवानगी दिलेली नसताना, यातलं काहीही करायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं हाच दोष आहे. तेच लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त पाहत होतो’ हे उत्तर चालत नाही. अधिकाराचा अभ्यास करणाऱ्याने दुसऱ्याच्या अधिकाराचा मान राखायला हवा, इतकी साधी ही गोष्ट आहे. ज्या कंपन्या बक्षीस-योजना चालवतात त्यांनी काय तपासायचं आणि काय नाही ते लिहून दिलेलं असतं. ते खास मुखत्यारपत्रासारखं वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. वापरताना सहज एखादी त्रुटी दिसली तर तिथेच थांबा, कुणाची माहिती उतरवून घेऊ नका, आणि संबंधितांना किंवा सर्ट-इनला कळवा. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करते, आणि २०२१ पासून तिला स्वतः सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार आहे. आपल्या इथल्या मुलीने शोधलेल्या त्रुटीला आपल्याच देशात क्रमांक मिळू शकतो.

पुढचे पाठ मी वर्गात शिकवलं त्याच क्रमाने लिहिले आहेत: आधी ओळख, मग अधिकार, मग टोकन आणि स्कोप, आणि शेवटी फसलेल्या खिडक्यांची खरी उदाहरणं. प्रोग्रामिंग थोडंफार येत असेल तर पुरे. इंग्रजी कमी असेल तर अडून राहू नका, शब्द हळूहळू सवयीचे होतात. गणिताचा भाग तिसऱ्या पाठानंतर येतो, तिथे घाई करू नका.

आणि पहिला पाठ उघडण्याआधी एक काम करा. घरात कपाटातल्या पिशवीत जुना सातबारा, फेरफाराची नक्कल, नाहीतर एखादं मुखत्यारपत्र नक्की असेल. ते काढा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा, आणि प्रत्येक रकाना काय सांगतो ते त्यांच्याकडून समजून घ्या. कुणाला, कशावर, कोणत्या कामाचा हक्क, हे वहीत लिहून आणा. आपण तिथूनच सुरुवात करू.

सेनगाव, जि. हिंगोली